लिनक्सवरच्या नको त्या सर्व्हिस बंद करताय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हिस म्हणजे मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम. ‘सर्व्हरला प्रिंटिंग कशाला?’ म्हणत एका संध्याकाळी कप्स, म्हणजे छपाई सांभाळणारी सर्व्हिस, बंद केलं. सकाळी मॅनेजरचा फोन, “ओ सर, काल काय केलं? चलन निघंना!” माल भरून टेम्पो दारात, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच सर्व्हरवरून शेअर केलेला. नाव बघून सर्व्हिस बंद करणं ही पहिली चूक, आणि ती माझीच. आता मी आधी ‘एसएस -टीयूएलपीएन’ ही कमांड चालवून कुठल्या पोर्टवर (नेटवर्कच्या क्रमांकित दारावर) कोण बसलंय ते बघतो. 631 म्हणजे कप्स, 5353 म्हणजे नेटवर्कवरची उपकरणं शोधणारं अवाही, 111 म्हणजे एनएफएस फाइल शेअरिंगसारख्या कामांना लागणारं आरपीसीबाइंड. मग ऑफिसात विचारतो, हे कोण वापरतं?

दुसरा घोळ ‘सिस्टमसीटीएल’ या कमांडमधल्या शब्दांचा. ‘स्टॉप’ रीबूटपर्यंतच टिकतं. ‘डिसेबल’ केलं तर पुढच्या बूटला आपोआप सुरू होत नाही, पण आत्ता चालू असलेली सर्व्हिस चालूच राहते. दोन्ही हवं तर ‘डिसेबल --नाऊ’. तरीही दुसरं युनिट (सिस्टमडीच्या यादीतली दुसरी नोंद) तिला उठवू शकतं. कप्स थांबवताना सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिस चालवणारा मुख्य प्रोग्रॅम, बजावतं, की कप्स डॉट सॉकेट, म्हणजे विनंतीची वाट बघणारं युनिट, अजून जागं आहे. ती ओळ कुणी वाचत नाही. सॉकेटवर विनंती आली की सर्व्हिस पुन्हा हजर! सॉकेट आणि पाथ (फाइलवर नजर ठेवणारं) युनिटही बंद करा, नाहीतर सर्व्हिस सरळ ‘मास्क’ करा, म्हणजे ती कुणालाच सुरू करता येत नाही. उबुंटू 22.10 पासून दुरून लॉगिन करण्याचं एसएसएचसुद्धा असंच सॉकेटवर चालतं, तेव्हा घरून जोडलेले असाल तर तिथे हात आखडताच ठेवा.

ॲडमिन खात्यात लॉगिनबरोबर सुरू होणाऱ्या सर्व्हिस वेगळ्या. त्यांच्या कमांडला ‘--यूझर’ लावा, पुढे सुडो (मुख्य खात्याचे, म्हणजे रूटचे, अधिकार देणारा शब्द) नको. सुडो लावलं की तुमचं खातं सोडून रूटचं खातं धुंडाळलं जातं.

बूट होताना कुणी किती वेळ घेतला ते दाखवणाऱ्या ‘सिस्टमडी-ॲनालाइज ब्लेम’मधला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे गुन्हेगार, असंही नाही. बरंच काही एकाच वेळी सुरू होत असतं. खरी अडवणूक ‘सिस्टमडी-ॲनालाइज क्रिटिकल-चेन’मध्ये दिसते. डी-बस (प्रोग्रॅममधले निरोप), जर्नलडी (नोंदी), लॉगिनडी (लॉगिन) या पायाभूत सर्व्हिसच्या वाटेला जाऊ नका. वेळ जुळवणारं क्रोनीही राहू द्या.

बंद करण्याजोगं म्हणजे ब्लूटूथ, आणि सिम-मोडेम नसेल तर मोडेममॅनेजर. त्याच्या जुन्या आवृत्त्या यूएसबी-सिरियलवरच्या वजनकाट्यालाही मोडेम समजून चाचपत बसतात. सुताचे कोन (रीळ) तोलताना काटा मध्येच गप्प झाला, तर आधी इथे बघा.