क्वासारचा वर्णपट वाचून ताम्रसृती कशी काढावी

दुर्बिणीतून क्वासार हा ताऱ्यासारखाच एक ठिपका दिसतो. तो आपल्या आकाशगंगेतला तारा नसून अतिदूरच्या दीर्घिकेचे तेजस्वी केंद्र आहे, हे त्याच्या वर्णपटावरून, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरवलेल्या प्रकाशावरून कळते. त्या वर्णपटातील रेषा लाल बाजूकडे, म्हणजे जास्त तरंगलांबीकडे किती सरकल्या आहेत, याचे माप म्हणजे ताम्रसृती. हा वर्णपट अभ्यासण्यासाठी स्वतःची दुर्बीण लागत नाही. न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट येथील अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने 'स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे' या आकाश-सर्वेक्षणासाठी घेतलेले लाखो क्वासारांचे वर्णपट संकेतस्थळावर विनामूल्य खुले आहेत.

सरावासाठी मात्र कन्या राशीतील ३सी २७३ हा क्वासार आधी घ्यावा, कारण या पद्धतीचा उगमच त्याच्यापाशी आहे. १९६२ साली सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पार्क्स रेडिओ दुर्बिणीने, हा स्रोत चंद्रबिंबाआड जात असतानाच्या वेळा नोंदवून त्याचे आकाशातील स्थान अचूक ठरवले. (चंद्रपिधानाच्या याच तंत्रासाठी गोविंद स्वरूप यांनी पुढे उटीची रेडिओ दुर्बीण उभारली.) त्या स्थानावरील 'ताऱ्या'चा वर्णपट मार्टेन श्मिट यांनी पालोमारच्या पाच मीटर दुर्बिणीने घेतला, आणि त्यातील अनोळखी रेषांचे कोडे फेब्रुवारी १९६३ मध्ये सोडवले.

त्यातील तीन ठळक, रुंद उत्सर्जन रेषा (ठरावीक तरंगलांबीवर जास्त उजळ दिसणारे भाग) ४७५३, ५०३२ आणि ५६३२ अँगस्ट्रॉमवर आहेत; अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक आहे. येथे पहिला नियम लक्षात ठेवावा: रेषांची जागा नव्हे, त्यांच्यातील गुणोत्तर पाहावे. विश्वाच्या प्रसरणामुळे प्रत्येक तरंगलांबी एकाच पटीने वाढते, त्यामुळे दोन रेषांचे गुणोत्तर बदलत नाही. ५६३२ भागिले ५०३२ म्हणजे सुमारे १.१२, प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या ४८६१ आणि ४३४० या रेषांचे गुणोत्तरही तेवढेच येते. त्याचप्रमाणे ५०३२ व ४७५३ यांचे गुणोत्तर हायड्रोजनच्या ४३४० व ४१०२ या रेषांशी जुळते. ओळख पटली, की ५६३२ ला ४८६१ ने भागून १ वजा करावा. उत्तर ०.१५८ च्या जवळ येते आणि हीच ताम्रसृती होय. हा क्वासार आपल्यापासून दोन अब्जांहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे.

आता स्वतः निवडलेला वर्णपट घ्यावा. संगणकाने काढलेली ताम्रसृती त्याच्या शेजारीच दिलेली असते. आपले गणित पूर्ण होईपर्यंत ती पाहू नये. खरी अडचण येते ती एकच रुंद रेषा स्पष्ट दिसते तेव्हा. समजा, ती ५६०० अँगस्ट्रॉमला आहे. ती आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) मॅग्नेशियमची २८०० ची रेषा मानली, तर ताम्रसृती १ येते. पण ती कार्बनची १५४९ ची रेषा असेल, तर ताम्रसृती २.६ होते. अशा वेळी प्रत्येक पर्यायावरून इतर रेषा कोठे दिसायला हव्यात याचे भाकीत करावे. पहिल्या पर्यायात कार्बनची १९०९ ची रेषा ३८१८ ला असली पाहिजे, तर दुसऱ्यात हायड्रोजनची १२१६ ची लायमन-आल्फा रेषा ४३९६ च्या आसपास उठून दिसली पाहिजे. भाकीत केलेली रेषा सापडल्याशिवाय एकट्या रेषेवर कधीही विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे.

मात्र गुणोत्तराने ताम्रसृती सिद्ध होते, तिचे कारण नव्हे. सर्वच क्वासारांची ताम्रसृती विश्वाच्या प्रसरणातून आली आहे का, ही शंका जयंत नारळीकरांनी दीर्घकाळ लावून धरली होती, आणि ती विचारण्याजोगीच होती. तिचे मला सर्वांत पटणारे उत्तर वर्णपटातच मिळते. अनेक क्वासारांच्या प्रकाशात वाटेवरच्या दीर्घिकांतील वायूच्या अरुंद शोषण रेषा (वायूने प्रकाश शोषल्यामुळे पडलेल्या काळ्या खाचा) उमटलेल्या असतात आणि त्यांची ताम्रसृती क्वासारपेक्षा कमी असते. म्हणजे क्वासार त्या दीर्घिकांच्याही पलीकडे आहे. शिवाय जवळच्या क्वासारांभोवतीच्या यजमान दीर्घिका, म्हणजे ज्यांच्या केंद्रात ते आहेत त्या दीर्घिका, मोठ्या दुर्बिणींनी दिसल्या आहेत आणि त्यांची ताम्रसृती क्वासारच्याच ताम्रसृतीइतकी आढळली आहे.

यानंतर २.५ ते ३ ताम्रसृतीचा एखादा क्वासार उघडावा आणि लायमन-आल्फाच्या निळ्या, म्हणजे कमी तरंगलांबीच्या बाजूकडे सावकाश पाहावे. तेथे शेकडो बारीक खाचांची दाटी दिसते. प्रत्येक खाच म्हणजे वाटेतील हायड्रोजनचा एकेक पुंजका असून तो वेगवेगळ्या अंतरावर असल्यामुळे वेगळ्या तरंगलांबीवर उमटतो. या दाटीला 'लायमन-आल्फा अरण्य' म्हणतात. स्वतः जवळजवळ न चमकणारा, दीर्घिकांमधल्या अवकाशात विखुरलेला वायू कसा पसरला आहे, हे त्यातून मोजता येते, आणि म्हणूनच मला हा भाग क्वासारच्या स्वतःच्या प्रकाशाहून मोलाचा वाटतो.

६ हून अधिक ताम्रसृतीच्या क्वासारांत या खाचा एकमेकींत मिसळून प्रकाश जवळजवळ पूर्णच नाहीसा होतो आणि तेथे काळा पट्टा दिसतो. जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी १९६५ साली वर्तवलेला हा पट्टा २००१ मध्ये प्रत्यक्ष सापडला. महास्फोटानंतर सुमारे एक अब्ज वर्षांपर्यंत विश्वातील काही हायड्रोजन उदासीन (आयनित न झालेल्या) अवस्थेत शिल्लक होता, असा त्याचा अर्थ लावला जातो. मात्र असा पट्टा उमटण्यासाठी उदासीन हायड्रोजनचा अत्यल्प अंशही पुरतो. म्हणून केवळ काळा पट्टा दिसला एवढ्यावरून सगळा वायू उदासीन होता, असा निष्कर्ष काढू नये.