छोट्या विमान कंपनीचं तिकीट: काढण्याआधी काय बघायचं आणि कंपनी बंद पडली तर काय करायचं

एअर पेगासस एप्रिल २०१५ मध्ये बेंगळुरूहून उडू लागली आणि जुलै २०१६ मध्ये थांबली. विजयवाड्याची एअर कोस्टा ऑक्टोबर २०१३ ते फेब्रुवारी २०१७ चालली. ट्रूजेटने एप्रिल २०१७ मध्ये नांदेड-हैदराबाद सेवा सुरू केली, पण २०२२ मध्ये कंपनीच बंद झाली. म्हणून अशा कंपनीचं तिकीटच घेऊ नये असं नाही; जळगाव-नांदेडसारख्या ठिकाणी थेट विमानाला अनेकदा दुसरा पर्यायही नसतो. फक्त आगाऊ काढलेलं तिकीट म्हणजे कंपनीला दिलेलं बिनतारण कर्ज, हे धरून चालावं.

या कंपन्या कोसळतात त्याचं मुख्य कारण विमानांची संख्या. ताफ्यात दोन-तीन विमानं, तीही बहुधा भाड्याची. एकाचं इंजिन दुरुस्तीला गेलं की निम्मं वेळापत्रक कोलमडतं, तिकिटांचे पैसे येणं थांबतं, भाडं थकतं आणि मालक विमान परत मागतो. त्यामुळे तिकीट काढण्याआधी विमानं मोजा. विमानांचा माग दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून आठवडाभराची उड्डाणं बघा. भारतीय विमानाचा नोंदणी क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतो. आठवड्यात असे वेगवेगळे किती क्रमांक दिसतात ते लिहून काढा. वेळापत्रकाला चार विमानं लागत असतील आणि उडताना दोनच दिसत असतील, तर लांबच्या तारखेचं तिकीट नको.

दुसरी तपासणी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर. देशांतर्गत वाहतुकीचा मासिक अहवाल तिथे येतो आणि त्यात कंपनीनिहाय रद्द उड्डाणांचं प्रमाण असतं. एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नका. धुक्यात किंवा पावसाळ्यात सगळ्यांचेच आकडे चढतात. सलग तीन महिने एकाच कंपनीचा आकडा चढत असेल तर ते लक्षण वाईट.

मार्ग ‘उडान’ या छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी योजनेतला असेल तर तो कधी सुरू झाला हेही बघा. या योजनेत कंपनीला तोटा भरून काढायला मिळणारं अनुदान साधारण तीन वर्षांचं असतं. ते संपत आलं की प्रवासी असूनही मार्ग बंद होऊ शकतो. आणखी एक: सवलतीचं भाडं विमानातल्या ठरावीक जागांनाच लागू असतं, बाकी जागा बाजारभावाने विकल्या जातात. सहकाऱ्याला अडीच हजारांत मिळालं म्हणून तुम्हालाही तेवढ्यालाच मिळेल असं नाही.

तिकीट काढताना जाणं आणि येणं वेगवेगळं काढा. परतीचं तिकीट शक्य तितकं उशिरा घ्या. चारशे रुपये जास्त पडले तरी चालतील. दिवसातलं पहिलं उड्डाण निवडा, कारण एकच विमान दिवसभर फिरत असतं आणि सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो. काही छोट्या विमानतळांवर रात्री उतरण्याची सोय नसते. तिथे शेवटचं उड्डाण तासभर लांबलं तरी रद्दच होतं. पुढे मुंबईहून परदेशी विमान पकडायचं असेल तर मध्ये एक रात्र ठेवा. दोन्ही तिकिटं वेगळी असल्याने पुढचं चुकलं तर भरपाई कोणी देत नाही.

पैसे क्रेडिट कार्डानेच भरा. डेबिट कार्डावरही तक्रार करता येते, पण निकाल लागेपर्यंत पैसे तुमच्या खात्यातून गेलेलेच असतात. यूपीआयने दिलेले पैसे परत मिळवणं त्याहून अवघड. प्रवास विमा घेतला असेल तर ‘विमान कंपनीची दिवाळखोरी’ त्यात धरली आहे की वगळली आहे, ते अटींमध्ये शोधा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ती वगळलेली असते.

आता कंपनी खरंच बंद पडली तर. पहिली गोष्ट, स्वतः तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलं की ते प्रवाशाने केलेलं रद्दीकरण ठरतं आणि शुल्क कापलं जातं. कंपनीने रद्द केल्याचा संदेश येऊ द्या आणि तो जपून ठेवा. दुसरी गोष्ट, ‘क्रेडिट शेल’ (परताव्याऐवजी पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम) घेऊ नका. पैसे कंपनीकडे जमा ठेवायचे की परत घ्यायचे, हे डीजीसीएच्या नियमानुसार प्रवासी ठरवतो. बंद कंपनीच्या खात्यात जमा असलेले पैसे काय कामाचे?

मग कंपनीला ईमेल करून परतावा मागा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे विक्रेत्याकडून परत आणायला सांगा. लोक इथेच चुकतात. फॉर्मवर कारण ‘सेवा मिळाली नाही’ हे निवडा, ‘फसवणूक’ नव्हे. फसवणूक म्हटलं की बँक कार्ड बंद करते, आणि व्यवहार तुम्ही स्वतः ओटीपी देऊन केल्याचं दिसल्यावर दावा फेटाळते. सोबत तिकीट, कार्डाचं विवरण, रद्द झाल्याचा संदेश आणि परतावा मागितल्याचा ईमेल जोडा. जाण्याचा प्रवास झाला असेल तर फक्त परतीची रक्कम लिहा. पूर्ण रक्कम मागितली की प्रकरण लांबतं. मुदत साधारणपणे प्रवासाच्या तारखेपासून १२० दिवस असते, पण बँकांचे आपापले नियम असतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

एजंटकडून किंवा बुकिंग ॲपवरून तिकीट घेतलं असेल तर कार्डाच्या विवरणात पैसे कोणाच्या नावावर गेलेत ते बघा. चार्जबॅक त्याच नावावर करायचा.

कार्डाचा मार्ग नसेल तर दोन शक्यता. कंपनी नुसतीच थांबली असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा. कंपनी दिवाळखोरी कायद्याखाली गेली असेल, तर मात्र स्थगिती लागते आणि आयोगातलं प्रकरण पुढे सरकत नाही. अशा वेळी न्यायाधिकरणाने नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (दिवाळखोरीच्या काळात कंपनीचा कारभार बघणाऱ्या व्यक्तीकडे) दावा भरावा लागतो. त्याची तारीख आणि फॉर्म जाहीर सूचनेत असतात. वेळ दोनच आठवड्यांची असते, म्हणून वर्तमानपत्रातल्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या सूचनेवर लक्ष ठेवा.

या दाव्यातून फार अपेक्षा ठेवू नका. प्रक्रियेचा खर्च, कामगारांचं देणं, तारण असलेल्या बँका हे सगळे रांगेत पुढे असतात. गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये थांबली आणि अवसायनाचा, म्हणजे कंपनी गुंडाळून मालमत्ता विकण्याचा, आदेश निघायला जानेवारी २०२५ उजाडला. तरीही दावा भरावा, कारण तो फुकट आहे. चार्जबॅक सुरू असेल तर दाव्यात तसं नमूद करा, आणि बँकेकडून पैसे आले की दावा मागे घ्या. एकाच रकमेसाठी दोन्हीकडून वसुली करता येत नाही.