परदेशातून आणलेल्या महागड्या वस्तूवर कस्टम ड्युटी कशी भरावी

पॅरिसची पर्स, दुबईचं घड्याळ, सिंगापूरहून घेतलेली कॅमेऱ्याची लेन्स. वस्तू दुकानातून रीतसर घेतलेली असते, पैसे आपलेच असतात, तरी मुंबईला उतरताना पोटात गोळा येतो. कारण निघण्याआधी कुणीतरी कानमंत्र दिलेला असतो: टॅग काढून टाक, घड्याळ मनगटावर घाल, रिकामा डबा कुरिअरने पाठव, ग्रीन चॅनलमधून (शुल्कपात्र काही नसलेल्यांच्या रांगेतून) कुणाकडे न बघता सरळ चाल. हे सल्ले देणाऱ्याला पकडलं गेल्यावर काय होतं ते माहीत नसतं आणि ड्युटी नेमकी किती बसते याचाही त्याने कधी हिशेब केलेला नसतो. म्हणून सुरुवात हिशेबापासून.

किती बसते

२ फेब्रुवारी २०२६ पासून नवे बॅगेज नियम लागू आहेत. त्यानुसार विमानाने येणाऱ्या भारतीय रहिवाशाला आणि भारतीय वंशाच्या प्रवाशाला ७५,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू विनाशुल्क आणता येतात. आधीचा आकडा ५०,००० होता आणि इंटरनेटवर अजून तोच सापडतो. मर्यादेच्या वरच्या रकमेवर ३५ टक्के मूळ शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून तिकीट काढल्यावर एकदा सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर डोकवा.

शुल्क फक्त वरच्या रकमेवर लागतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. घड्याळाची किंमत ४,००,००० धरली, तर ७५,००० वजा करून ३,२५,००० उरतात आणि त्यावर १,२५,१२५ रुपये होतात. हा आकडा खरेदीच्या आधी समोर ठेवा. तो जोडूनही वस्तू भारतातल्या शोरूमपेक्षा स्वस्त पडत नसेल, तर परदेशात घेण्यात काही अर्थ नाही.

नवरा-बायकोची सवलत एकत्र होत नाही. दीड लाखाची एक पर्स दोघांत अर्धी अर्धी वाटता येत नाही. ती एकाच्याच नावावर जाते आणि सवलत वजा जाता उरलेल्या ७५,००० वर २८,८७५ रुपये भरावे लागतात. भेट मिळालेली वस्तू हिशेबात येते. मुंबईत उतरल्यावर ड्यूटी-फ्री दुकानातून घेतलेलीही येते. तिथे 'ड्यूटी-फ्री' लिहिलंय म्हणून ती या हिशेबातून सुटत नाही. फ्लॅट टीव्ही आणि सोन्याची नाणी-बिस्किटं ७५,००० च्या सवलतीत मुळीच बसत नाहीत. सोन्याचे नियम आणि दर वेगळे आहेत, ते इथे घेत नाही.

फॉरेक्स कार्डावर टीसीएस (स्रोतावर गोळा होणारा कर) कापला गेला म्हणजे कर भरून झाला, हा आणखी एक गैरसमज. तो आयकराचा भाग आहे, विवरणपत्र भरताना हिशेबात धरला जातो. सीमाशुल्काशी त्याचा संबंध नाही.

जाताना

आधीपासून तुमच्या मालकीचं महागडं घड्याळ किंवा कॅमेरा घेऊन जात असाल, तर निघतानाच कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून ती चेक-इनच्या बॅगेत टाकून बॅग बेल्टवर सोडण्याआधी हे उरका. प्रमाणपत्रावर मॉडेल आणि अनुक्रमांक दोन्ही आहेत ना, तिथेच वाचून बघा. नुसतं 'एक मनगटी घड्याळ' असं लिहिलेला कागद परतताना काही सिद्ध करत नाही.

दुकानात

बिल तुमच्या नावावर, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये. त्यावर मॉडेल, अनुक्रमांक, तारीख, चलन आणि कर वेगळा दाखवलेला. बिल थाई किंवा जपानीत असेल तर इंग्रजी प्रत तिथेच मागा. किमतीचा टॅग फेकू नका.

मूल्यांकन: पैसे इथे जातात किंवा वाचतात

दर ठरलेला आहे, त्यावर घासाघीस होत नाही. वाद होतो तो मूल्यावरून. अधिकाऱ्याने वस्तूची किंमत चार लाख धरली की पाच, यावर ३८,५०० रुपयांचा फरक पडतो. लोक मात्र सगळी ताकद 'साहेब, थोडं कमी करा'वर घालवतात आणि ज्या कागदाने खरोखर कमी होईल तो कागद हॉटेलच्या कचरापेटीत सोडून येतात.

कायद्याने मूल्य म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष मोजलेली किंमत. ती सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. बिल नसलं की अधिकारी फोन काढतो आणि मॉडेलचं नाव शोधतो. भारतात बसून शोधल्यावर पहिली किंमत बहुधा भारतीय शोरूमची येते. त्या किमतीत आयात शुल्क, जीएसटी आणि दुकानदाराचा नफा आधीच मिसळलेला असतो, म्हणजे तुम्ही शुल्कावर शुल्क भरता. समजा दुबईत ४,००,००० ला घेतलेलं घड्याळ इथे ४,८०,००० ला दिसलं, तर ३०,८०० रुपये नाहक गेले. बिल खरंच हरवलं असेल, तर त्याच ब्रँडच्या त्या देशातल्या संकेतस्थळावरची किंमत उघडून दाखवा आणि दुकानाकडून ईमेलने बिलाची प्रत मागवा. मोठे ब्रँड खरेदी ग्राहकाच्या नावावर नोंदवून ठेवतात, प्रत मिळते. रात्री दोनला उतरल्यावर दुकान उघडं नसतं, म्हणून हे विमानात बसण्याआधी करायचं काम आहे.

कमी रकमेचं बिल कधीही घेऊ नका. काही बाजारांत दुकानदार स्वतःहूनच विचारतो, 'बिल कितीचं बनवू?' नकार द्या. नामांकित ब्रँडच्या किमती जाहीर असतात, त्या पडताळायला अधिकाऱ्याला मिनिटही लागत नाही. एक कागद खोटा निघाला की बाकीच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय मूल्य चुकीचं सांगितल्याबद्दल वस्तू जप्त होऊ शकते. साध्या ड्युटीचं प्रकरण अशा वेळी दंडाचं होतं.

सेलमध्ये किंवा आउटलेटमध्ये घेतलेल्या वस्तूचं दुखणं उलटं असतं: बिल खरं असतं पण किंमत संशयास्पद वाटण्याइतकी कमी. बिलावर मूळ किंमत आणि सूट दोन्ही छापून घ्या, दुकानाचं नाव आउटलेटचं म्हणून स्पष्ट दिसू द्या. जुनं, वापरलेलं घड्याळ घेतलं असेल तर विक्रेत्याचा पत्ता असलेलं बिल हवंच. बिलावर 'प्री-ओन्ड' असं लिहिलेलं नसेल, तर अधिकारी ते नव्याच्या भावात धरेल आणि त्याला दोष देता येणार नाही.

विनिमय दर तुमच्या बँकेचा चालत नाही. सीबीआयसी आयातीसाठी वेळोवेळी जो दर जाहीर करते तोच लागतो. म्हणून काउंटरवर आधी दुकानाचं परकीय चलनातलं बिल पुढे करा. कार्डाचं स्टेटमेंट मागितलं तरच द्या, कारण त्यातल्या रुपयांच्या आकड्यात बँकेचा मार्कअप मिसळलेला असतो आणि तो वस्तूच्या किमतीचा भाग नाही. मागितलं तर मात्र लपवू नका. बिलातली रक्कम खरी असल्याचा तोच सगळ्यात पक्का पुरावा असतो.

आता व्हॅट, म्हणजे किमतीतच धरलेला तिथला विक्रीवरचा कर. फ्रान्समध्ये २,४०० युरोंच्या पर्समध्ये २० टक्के दराने ४०० युरो व्हॅट असतो. तिथल्या विमानतळावर पाब्लो या फ्रेंच कस्टमच्या स्वयंचलित यंत्रावर फॉर्म स्कॅन करून तुम्ही परतावा घेता, पण परतावा देणारी कंपनी स्वतःची फी कापते आणि पूर्ण ४०० हातात पडत नाहीत. इथे आल्यावर व्हॅट वगळून मूल्य धरण्याची विनंती करता येते. त्यासाठी करपूर्व किंमत वेगळी छापलेलं बिल आणि परताव्याचा मंजूर फॉर्म, दोन्ही हवेत. कार्डावर प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम दाखवता आली तर तेवढीच वजा करायला सांगा. तो मुद्दा सर्वांत भक्कम. विनंती मान्य होईलच असं नाही, पण कागद नसताना तोंडी केलेली तर होतच नाही. दुबईत व्हॅट ५ टक्केच असल्याने तिथल्या खरेदीत या वादाला फारसा अर्थ नाही. ब्रिटनमध्ये पर्यटकांसाठी दुकानातल्या खरेदीवरचा परतावा २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे लंडनच्या बिलावर हा प्रश्नच येत नाही. आणि परतावा घेतल्याचा कागद पर्समध्ये ठेवून ग्रीन चॅनलमधून जाणाऱ्यांना काय म्हणावं! वस्तू तिकडून बाहेर नेत असल्याचं तुम्ही स्वतःच लिहून दिलेलं असतं.

'वापरलेली आहे' हा बचाव. रोजच्या गरजेच्या वापरलेल्या वस्तूंवर शुल्क नाही, हे खरं. पण मागच्या आठवड्यात घेतलेली पर्स दोन संध्याकाळी खांद्याला लावली म्हणून ती या व्याख्येत जाऊन बसत नाही. डबा आणि वॉरंटी कार्ड वेगळं पाठवल्यानेही काही साधत नाही. घड्याळाच्या मागे अनुक्रमांक कोरलेला असतो, आणि डब्याशिवायचं कोरं घड्याळ अधिकाऱ्यांनी तुमच्या आधी पुष्कळ पाहिलेलं असतं.

मूल्य पटलं नाही तर आवाज चढवू नका. सुपरिंटेंडेंटना भेटायचं आहे असं सांगा आणि मूल्य कशाच्या आधारे धरलं ते विचारा. तरीही तोडगा निघाला नाही तर 'हरकत नोंदवून' भरणा करा, तसं लेखी द्या आणि वस्तू घेऊन घरी जा. आयुक्तांकडे अपील करायला आदेश मिळाल्यापासून ६० दिवस असतात.

रेड चॅनल

घोषणापत्र विमानात बसण्याआधी भारतीय कस्टमच्या अतिथी ॲपवर भरा, बॅगा घ्या आणि लाल फलकाखालून जा. ग्रीन चॅनलमध्ये पाऊल टाकणं म्हणजेच 'माझ्याकडे शुल्कपात्र काही नाही' असं सांगणं. तिथे अडवल्यावर 'मी आता सांगणारच होतो' याला किंमत उरत नाही.

भरणा

कार्ड चालतं. परदेशी जाताना लोक आंतरराष्ट्रीय व्यवहारांची मर्यादा वाढवतात आणि देशांतर्गत मर्यादा विसरतात. सव्वा लाखाचा भरणा ५०,००० च्या मर्यादेवर अडतो, तोही अशा वेळी जेव्हा विमानतळावरचं वायफाय रुसलेलं असतं. मर्यादा निघण्याआधीच वाढवून ठेवा आणि दुसरं कार्ड जवळ असू द्या.

पुण्याला किंवा नागपूरला जायला पुढचं देशांतर्गत विमान असेल, तर साधारणपणे बॅगा घेऊन कस्टम पहिल्या भारतीय विमानतळावरच पार करावं लागतं. दोन विमानांमध्ये निदान चार तास ठेवा.

भरायचे नसतील तर

लगेच पैसे नसतील तर वस्तू कस्टमकडे ठेवून डिटेन्शन रिसीट (वस्तू ठेवल्याची पावती) घेता येते आणि नंतर ड्युटी भरून सोडवता येते. दुबईत किंवा सिंगापूरला राहणारा कुणी लग्नाला चार दिवस आला असेल आणि वस्तू परतच न्यायची असेल, तर सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ८० खाली ती ठेवून जाताना परत मागता येते. अट एकच: वस्तू आधी खरी जाहीर केलेली हवी. ग्रीन चॅनलमध्ये पकडल्यावर कलम ८० आठवून उपयोग नाही. तेव्हा जप्ती, सोडवण्यासाठीचा दंड, वेगळी शास्ती आणि वर मूळ ड्युटी, असा क्रम लागतो. शिवाय सुनावणीचे हेलपाटे. परत जाणारं विमान दुसऱ्या विमानतळावरून असेल तर तसं ठेवतानाच सांगा; मुंबईत ठेवलेली वस्तू गोव्याच्या मोपा विमानतळावर आपोआप उगवत नाही.

पावती

बॅगेज रिसीट (ड्युटी भरल्याची पावती) हातात आली की काउंटरवरून हलण्याआधी वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, मॉडेल आणि अनुक्रमांक. अनुक्रमांक नसेल तर लिहून मागा, नंतर तो घालून मिळवणं फार जिकिरीचं आहे. पुढच्या प्रवासात तीच वस्तू घेऊन परतताना ड्युटी पुन्हा मागितली जाऊ नये यासाठी हा कागद लागतो. विमा काढताना किंवा घड्याळ विकताना घेणाराही तोच विचारतो. स्कॅन करून स्वतःला ईमेल करा आणि मूळ पावती दुकानाच्या बिलाला टाचून ठेवा.