झांक्यांचे फोटो वेगळ्या अल्बममध्ये: कोड लिहिण्याआधीची तयारी

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या रस्त्यांवर कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात आणि मंडळाच्या अ‍ॅपवरून फोटो उतरवून घेणाऱ्यांची झुंबड त्याच रात्री उडते. ते फोटो घरच्या फोटोंत मिसळू नयेत, गॅलरीत मंडळाच्या नावाचा अल्बम दिसावा, अशी मागणी असेल, तर गणपती बसायच्या आधीच पुढची कामं हातावेगळी करा.

आधी अल्बमचं नाव बैठकीत पक्कं करून घ्या. नाव देवनागरीत चालतं, पण त्यात तिरकी रेघ नको. अँड्रॉइडवर अल्बम म्हणजे साधं फोल्डर, आणि तिरकी रेघ आली की आत नवं फोल्डर तयार होतं. ‘झांक्या ६/९/२०२५’ असं हौसेनं नाव दिलंत, तर गॅलरीत अल्बमचं नाव दिसेल नुसतं ‘२०२५’.

अँड्रॉइडचं बाकी काम सोपं. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून मीडियास्टोअरला (फोनमधल्या फोटो-व्हिडिओंची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला) ‘पिक्चर्स’ फोल्डरखालचा मार्ग सांगितला की परवानगी न मागता फोटो तिथे जातो. अर्धवट उतरलेला फोटो गॅलरीत दिसू नये म्हणून ‘इज पेंडिंग’ची खूण १ ठेवा, पूर्ण लिहून झाला की ० करा, राजवाड्यापाशी गर्दीत नेटवर्क अडखळतं तेव्हा याची किंमत कळते. अँड्रॉइड ९ किंवा त्याआधीचे फोन कोणाकडे असतील, तर तेवढ्यांसाठी स्टोरेजची जुनी परवानगी लागेल.

खरी डोकेदुखी आयफोनची. तिथे फोटो मुख्य लायब्ररीतच राहतो, अल्बममध्ये त्याची फक्त नोंद होते. शिवाय एकाच नावाचे दोन अल्बम बिनदिक्कत तयार होतात. म्हणून अल्बम केला की त्याचा लोकल आयडेंटिफायर, म्हणजे आयफोननं त्याला दिलेली ओळखखूण, जपून ठेवा आणि पुढच्या वेळी त्यावरूनच शोधा. कोणी अल्बम हातानं उडवला असेल, तर शोध रिकामा येईल. तेव्हाच नवा करा. अल्बम तयार होत असताना सेव्हचं बटण बंद ठेवा. लोक धीर धरत नाहीत, दोनदा दाबतातच.

परवानगीचा निर्णय कोड लिहिण्याआधी घ्या. नुसता फोटो टाकण्यापुरती परवानगी मागितली, तर आयफोनवर स्वतःचा अल्बम करता येत नाही. त्यासाठी पूर्ण लायब्ररीची परवानगी लागते, आणि आयओएस १४ पासून माणूस ‘निवडक फोटो’ म्हणाला, तरी अल्बम होत नाही. माझं मत विचाराल तर एका अल्बमसाठी कोणाच्या घरचे सगळे फोटो उघडायला लावू नयेत. मंडळाचा हट्टच असेल, तर पूर्ण परवानगी मागा, आणि नाही मिळाली तर निदान फोटो मुख्य लायब्ररीत जाईल अशी सोय ठेवा.

परवानगीमागचं कारण इन्फो पीलिस्टमध्ये, म्हणजे आयफोन अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहावंच लागतं; ते नसेल तर परवानगी मागताक्षणी अ‍ॅप बंद पडतं. ते वाक्य मराठीत आणि हिंदीत, दोन्हीत लिहून ठेवा. आपल्याकडे आजी एक वाचते, नातू दुसरं. ‘अ‍ॅपला फोटो हवेत’ असलं काही नको. ‘झांक्यांचे फोटो मंडळाच्या अल्बममध्ये ठेवण्यासाठी’ असं सरळ लिहा. एकदा नकार दिला की ती खिडकी पुन्हा येत नाही, तेव्हा सेटिंग्जकडे नेणारं बटणही हवं.

मग अ‍ॅप काढून परत टाकून बघा. अँड्रॉइडवर जुने फोटो गॅलरीत राहतात, पण अ‍ॅपला ते आपले वाटत नाहीत. ‘आधीच सेव्ह केलंय’ ही खूण त्यांच्या भरवशावर दाखवू नका.