देखभाल थांबलेल्या पॅकेजमधील सुरक्षा त्रुटी: या चुका टाळा

एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातील, दुसऱ्या सर्व्हरना एचटीटीपी विनंत्या पाठवणारे ‘रिक्वेस्ट’ हे पॅकेज फेब्रुवारी २०२० मध्ये अधिकृतपणे निवृत्त करण्यात आले. त्यानंतर तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, त्यात सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी (आपल्या सर्व्हरकडून नको त्या पत्त्यावर विनंती करवून घेणे) या प्रकारची त्रुटी असल्याची नोंद त्रुटींच्या सार्वजनिक सूचीत सीव्हीई-२०२३-२८१५५ या क्रमांकाने झाली. मूळ पॅकेजमध्ये या त्रुटीची दुरुस्ती आली नाही, कारण ते सांभाळणारे (मेन्टेनर) त्यातून आधीच बाहेर पडले होते. तरीही नोड या, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या जुन्या प्रकल्पांत, बहुधा दुसऱ्याच एखाद्या पॅकेजच्या आडून, ते अजून सापडते आणि त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरच्या अहवालात ‘दुरुस्ती उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह महिनोन्‌महिने पडून राहते. अशा प्रसंगी होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गृहीतक असते: त्रुटी पॅकेजमध्ये आहे, तेव्हा ती दूर करणे हे पॅकेजवाल्याचे काम. वस्तुतः जवळपास प्रत्येक मुक्तस्रोत परवान्यात ‘जसे आहे तसे, कोणत्याही हमीशिवाय’ असे स्पष्ट लिहिलेले असते आणि ते पॅकेज प्रकल्पात घेतानाच आपण ते मान्य केलेले असते.

तीव्रतेच्या आकड्यावर निर्णय सोडणे

‘रिक्वेस्ट’मधील त्रुटीला सीव्हीएसएस या तीव्रतेच्या मोजपट्टीवर दहापैकी ६.१ गुण आहेत, म्हणजे ती ‘मध्यम’ गटात मोडते, आणि अनेक संघांत मध्यम याचा अर्थ ‘पुढच्या तिमाहीत पाहू’ असा लावला जातो. परंतु त्रुटीचे स्वरूप पाहिले तर हा आकडा फारसे काही सांगत नाही, असे दिसते. अंतर्गत पत्त्यांवर विनंती जाऊ नये म्हणून आपण एखादा संरक्षक ‘एजंट’ बसवला असेल आणि समोरच्या सर्व्हरने एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे किंवा उलट दिशेने वळवले, तर हे पॅकेज तो एजंटच गाळून टाकते आणि पुढची विनंती संरक्षणाशिवाय जाते. तुमचा कार्यक्रम केवळ स्वतःच्याच एका ठरलेल्या पत्त्याशी बोलत असेल, तर याचा उपद्रव जवळपास नाही. मात्र वापरकर्त्याने दिलेला दुवा उघडून त्याची झलक दाखवणारी किंवा त्याने दिलेल्या वेबहुक पत्त्यावर माहिती पाठवणारी सेवा तुम्ही चालवत असाल, तर हीच ‘मध्यम’ त्रुटी हल्लेखोराला तुमच्या क्लाउडमधील अंतर्गत सेवांपर्यंत नेऊ शकते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की बाहेरून आलेली माहिती त्या सदोष भागापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते. गो भाषेत ‘गोव्हल्नचेक’ हे साधन सदोष फंक्शन आपल्या कोडमधून खरोखर वापरले जाते का, हे तपासून सांगते; इतर अनेक भाषांत हे काम बऱ्याच अंशी माणसालाच करावे लागते आणि ते कंटाळवाणे असले तरी टाळण्यासारखे नाही. त्याच्या जोडीला अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेची, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी पाहावी. त्या यादीत नाव असेल तर चर्चा थांबवून कामाला लागावे.

थेट घेतलेल्या पॅकेजांपुरतेच पाहणे

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, जावा कार्यक्रमांच्या नोंदी ठेवणाऱ्या ग्रंथालयातील (तयार कोडच्या संचातील) लॉगफोरशेल ही त्रुटी उघड झाली तेव्हा अनेक संघांनी आपल्या बिल्ड फाइलमध्ये ते नाव शोधले, ते सापडले नाही, आणि निःश्वास सोडला. प्रत्यक्षात ते ग्रंथालय दुसऱ्या पॅकेजांच्या पोटात होते, आणि काही ठिकाणी तर सगळे वर्ग एकाच मोठ्या जार (जावाचा तयार कोड बांधलेल्या) फाइलमध्ये मिसळलेले असल्यामुळे फाइलच्या नावावरून त्याचा पत्ता लागणेच शक्य नव्हते. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनात ‘डिपेंडन्सी ट्री’ आणि एनपीएममध्ये ‘एनपीएम एलएस’ ही आज्ञा कोणी कोणाला आत आणले, ते दाखवते. पण अशा मिसळलेल्या प्रतींसाठी तयार झालेली जार फाइल किंवा कंटेनर इमेज (कार्यक्रम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेला साचा) स्कॅन करण्याला पर्याय नाही.

त्याच प्रकरणात आणखी दोन चुका झाल्या. पहिला पॅच लावून काहींनी विषय मिटवला, पण २.१५.० ही आवृत्ती अपुरी ठरली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा आवृत्त्या काढाव्या लागल्या. दुसरीकडे ‘आम्ही अजून १.एक्स या जुन्या आवृत्तीवर आहोत, आम्हाला काही होत नाही’ असे समाधान मानणारेही होते. लॉगफोरशेल त्यांना त्याच रूपात लागू नव्हती, हे खरे, पण १.एक्सची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्येच संपली होती आणि तिच्या सॉकेटसर्व्हर वर्गातील सीव्हीई-२०१९-१७५७१ ही त्रुटी मूळ प्रकल्पात कधीच दुरुस्त झाली नाही. अशांसाठी लॉगफोरजेचे मूळ कर्ते चेकी ग्युलजू यांनी ‘रीलोडफोरजे’ हा फोर्क (मूळ कोडची स्वतंत्रपणे सांभाळलेली प्रत) काढला. जुन्या पॅकेजविषयी नवी नोंद न येणे याचा अर्थ कधी कधी इतकाच असतो की तिकडे आता कोणी पाहत नाही.

घाईघाईने सगळे बदलून टाकणे

सदोष पॅकेज आपोआप बदलणाऱ्या ‘एनपीएम ऑडिट फिक्स’ या आज्ञेला ‘फोर्स’ची जोड देणे हा सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत महागडा उपाय आहे. ही आज्ञा थेट घेतलेल्या पॅकेजची मुख्य आवृत्ती बदलते, कधी कधी तर त्याला मागच्या आवृत्तीकडे ढकलते. त्रुटी खोल कुठेतरी असते आणि मोडतोड होते वरच्या पॅकेजची. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार आहे.

त्याऐवजी पॅकेज डॉट जेसनमधील ‘ओव्हरराइड्स’, एनपीएमला पर्यायी असलेल्या यार्नमधील ‘रिझोल्यूशन्स’ किंवा मेव्हनमधील ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’ वापरून फक्त सदोष पॅकेज बदलावे. ‘रिक्वेस्ट’च्या जागी सायप्रेस या चाचणी-साधनाच्या संघाने सांभाळलेला फोर्क याच वाटेने बसवता येतो, त्याच्या ३.०.० या आवृत्तीत ही त्रुटी दूर झाली आहे. ओव्हरराइड दिल्यानंतरही स्कॅनर जुनी आवृत्ती दाखवत असेल, तर बहुधा लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी फाइल) नव्याने तयार झालेली नसते, सीआयमध्ये (बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) जुना कॅशे वापरला जात असतो, किंवा ती प्रत तुमच्या प्रकल्पातील नसून कंटेनरच्या मूळ इमेजमधील असते. हे तिन्ही याच क्रमाने तपासावे. ओव्हरराइड का दिला, हे नोंदवूनही ठेवावे, कारण वरचे पॅकेज पुढे सुधारले तरी तुमची अट तशीच राहते आणि आज बरी असलेली आवृत्ती दोन वर्षांनी तुम्हालाच जुन्या जागी अडकवून ठेवते.

लिनक्स वितरणांच्या बाबतीत मात्र आवृत्तीचा जुना क्रमांक पाहून दचकू नये. डेबियनसारखी वितरणे सुरक्षा दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच बसवतात, त्यामुळे क्रमांक जुना असूनही पॅकेज दुरुस्त झालेले असू शकते. वितरणाची स्वतःची सुरक्षा नोंद आधी वाचावी.

मेन्टेनरला धारेवर धरणे

त्रुटी सापडताच सार्वजनिक इश्यू (तक्रारीची नोंद) उघडून त्यात हल्ल्याची कृती लिहिणे ही चूक सर्वांना समजते, तरी ती होत राहते. रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या भांडारात) सुरक्षा धोरणाची फाइल आहे का आणि गिटहबवरील खासगी नोंदीची सोय सुरू आहे का, हे आधी पाहावे. दोन्ही नसल्यास तपशील न देता केवळ संपर्काची विनंती करावी. उत्तरच येत नसेल, तर भारतात सर्ट-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था अशा नोंदी स्वीकारते आणि सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकारही तिला आहे.

याहून कमी ओळखली जाणारी चूक म्हणजे दबाव टाकणे. एक्सझेड या संक्षेपण साधनाची देखभाल लासे कॉलिन हे जवळपास एकट्याने करीत होते. २०२२ मध्ये काही खात्यांनी ‘काम पुढे जात नाही, दुसऱ्याला अधिकार द्या’ असा लकडा त्यांच्यामागे लावला, आणि ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीला हळूहळू ते अधिकार मिळत गेले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षित प्रवेशाची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले म्हणून २९ मार्च रोजी तो उघड झाला. दबाव टाकणारी ती खाती त्याच कटातील असावीत असे मानले जाते. पण त्यांची भाषा आपल्याला ओळखीची वाटते, कारण प्रामाणिक वापरकर्तेही तशाच भाषेत लिहितात. जून २०२५ मध्ये लिबएक्सएमएलटू या एक्सएमएल वाचणाऱ्या ग्रंथालयाचे तेव्हाचे स्वयंसेवी मेन्टेनर निक वेल्नहोफर यांनी यापुढे सुरक्षा त्रुटी इतर दोषांप्रमाणेच, दुरुस्ती येईपर्यंत गुप्त ठेवण्याचा कोणताही कालावधी न पाळता हाताळल्या जातील असे जाहीर केले. ते ग्रंथालय मोठमोठ्या कंपन्यांच्या उत्पादनांत आहे, हे लक्षात घेता त्यांच्यावर चिडण्याचा हक्क कोणाला आहे, असा प्रश्न मला पडतो. नोंदीसोबत चाचणी आणि पॅच देता आला तर द्यावा, आणि कंपनीला परवडत असेल तर त्या कामाचे पैसेही द्यावेत.

नवा वारस न पारखता स्वीकारणे

सोडून दिलेले पॅकेज कोणीतरी हाती घेतले ही बातमी चांगलीच असते असे नाही. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या एनपीएम पॅकेजच्या मूळ लेखकाने मदतीची तयारी दाखवणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीला प्रकल्प सोपवला, त्या व्यक्तीने ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ ही नवी डिपेंडन्सी (पॅकेजला लागणारे दुसरे पॅकेज) जोडली आणि तिच्यातून कोपे या बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारणारा कोड पसरला. फोर्क निवडताना गिटहबवरील ताऱ्यांची, म्हणजे पसंतीच्या खुणांची, संख्या पाहू नये. मूळ प्रकल्पापासून त्यात नेमके काय बदलले, कोणत्या नव्या डिपेंडन्सी आल्या आणि प्रकाशित झालेले पॅकेज रिपॉझिटरीतील कोडशी जुळते का, हे पाहावे. एक्सझेडमधील घातक बिल्ड स्क्रिप्ट प्रकाशित टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या फाइलसंचात) होती, गिट रिपॉझिटरीत नव्हती.

न समजलेला कोड स्वतः दुरुस्त करणे

फोर्क नसेल तर पॅच आपणच लिहावा लागतो आणि त्यात गैर काही नाही, पण कोड न समजता केलेला बदल महागात पडतो. २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल या कूटलेखन ग्रंथालयाच्या कोडमधील, तपासणी साधनात इशारा उमटवणाऱ्या ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यामुळे यादृच्छिकतेचा मुख्य स्रोतच बंद पडला आणि तयार होणाऱ्या कूटलेखनाच्या किल्ल्यांमधील (‘की’मधील) वैविध्य प्रोसेस क्रमांकापुरते, म्हणजे फार तर ३२,७६८ इतके उरले. हे उघडकीस यायला मे २००८ उजाडला. म्हणून क्रिप्टोग्राफी किंवा पार्सर यांसारख्या भागात हात घालण्यापेक्षा ती सोय बंद करणे, किंवा पॅकेजच काढून टाकून भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातील पर्याय घेणे अधिक सुरक्षित ठरते. नोडमध्ये आता ‘फेच’ अंगभूत असल्यामुळे ‘रिक्वेस्ट’ची अनेक कामे त्याच्यावर सोपवता येतात. मात्र अंतर्गत पत्ते रोखण्याची तपासणी तिथेही स्वतःच लिहावी लागते आणि ती प्रत्येक वळणावर नव्याने चालवावी लागते.

यांपैकी काहीच लगेच शक्य नसेल, तर स्कॅनरच्या दुर्लक्ष-यादीत ती नोंद टाकायला हरकत नाही. पण तिच्यासोबत सदोष भागापर्यंत वाट का नाही याचे कारण, निर्णय घेणाऱ्याचे नाव आणि मुदत संपण्याची तारीख लिहावी; आणि त्या तारखेला बिल्ड आपोआप अडेल अशी व्यवस्था करावी.