इंग्रजीतला ‘रन’: नेमका अर्थ कसा पकडायचा

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात ‘रन’ या एका क्रियापदाखाली ६४५ अर्थ नोंदलेले आहेत. १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता, पुढच्या सुधारणेत ‘रन’ने तो पटकावला. एवढे अर्थ पाठ करण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. बातम्या, ऑफिसचे मेल आणि कराराचे कागद यांत वीस-पंचवीस वापरच फिरून फिरून येतात. ते ओळखायला वाक्यात तीन ठिकाणी बघायचं: कर्ता कोण, ‘रन’च्या लगेच पुढे काय आलंय, आणि ‘रन’ इथे क्रियापद आहे की नाम.

‘धावणे’ हा अर्थ सगळ्यात शेवटी तपासा. कर्ता माणूस किंवा जनावर असेल आणि पुढे कर्म नसेल, तरच तो बहुतेक लागू पडतो. मराठीत ‘रन’चं निम्मं काम ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ करतात: दुकान चालतं, यंत्र चालतं, योजना चालते, नाटक दोन वर्षं चालतं. अपवाद वाहतुकीचा. लोकल आणि बस आपल्याकडेही धावतात, ‘गाड्या उशिराने धावत आहेत’ हे बरोबरच आहे. पण माणसाने ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’ म्हटलं की तो कदाचित सोफ्यावर बसलेलाही असेल. त्याला उशीर होतोय, एवढंच.

कर्ता द्रव असेल तर काम सोपं. नदी वाहते, नाक वाहतं, नळ चालू राहिलेला असतो. कापडाचा रंग ‘रन’ झाला की तो जातो, आणि ‘द रेड रॅन इन्टू द व्हाइट’ म्हणजे लाल रंग पांढऱ्या कपड्यांना लागला. ‘द हाउस हॅज रनिंग वॉटर’ वाचून घरातून ओढा काढू नका, घरात नळाला पाणी आहे असा त्याचा अर्थ.

पुढे कर्म असेल तर मराठी क्रियापद त्या कर्मावरून ठरतं, आणि ‘चालवणे’ सगळीकडे चिकटवलं की भाषांतर बिघडतं. ‘शी रन्स अ बेकरी’ला ते चालेल. ‘रन अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप असणं, ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे सिग्नल तोडणं, ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणं, ‘रन अ बाथ’ म्हणजे आंघोळीचं पाणी काढणं. वर्तमानपत्र ‘स्टोरी रन’ करतं तेव्हा ते बातमी छापतं. ‘रन द नंबर्स’ म्हणजे हिशेब मांडून बघणं. ‘आयल रन यू होम’ हे विशेषतः इंग्लंडमध्ये ऐकू येईल: मी तुला गाडीने घरी सोडतो. घाबरण्यासारखं काही नाही.

विशेषण पुढे आलं की ‘रन’ जवळपास ‘होणे’ इतकाच उरतो, अर्थाचा भार विशेषणावर जातो. ‘द वेल रॅन ड्राय’: विहीर आटली. ‘स्टॉक इज रनिंग लो’: माल संपत आलाय. ‘टेम्पर्स रॅन हाय’: वातावरण तापलं.

खरी गोची होते ती मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांनी. इथे नुसता छोटा शब्द बघून भागत नाही, त्याच्याही पुढचा शब्द बघावा लागतो.

‘रन इन्टू’ घ्या. पुढे ओळखीचा माणूस असेल तर अचानक गाठ पडली. खांब किंवा भिंत असेल तर धडक बसली. ‘प्रॉब्लेम्स’ असतील तर अडचणी उभ्या राहिल्या. रक्कम असेल तर खर्च लाखांच्या किंवा कोटींच्या घरात गेला.

‘रन आउट’मध्ये ‘ऑफ’ आहे का ते आधी पाहा. ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’ आणि ‘द मिल्क रॅन आउट’ या दोन्हींत दूधच संपलंय, फक्त कर्ता बदललाय. ‘आउट’नंतर ‘ऑन’ आणि माणूस आला तर कुणीतरी त्याला वाऱ्यावर सोडून निघून गेलंय. व्हिसा किंवा भाडेकरार ‘रन आउट’ होतो तेव्हा मुदत संपते. क्रिकेटच्या बातमीत मात्र ‘वॉज’ शोधा. ‘ही वॉज रन आउट’ म्हणजे तो धावचीत झाला. नुसतं ‘ही रॅन आउट’ म्हणजे तो बाहेर धावला. आणि ‘ही रॅन हिज पार्टनर आउट’ असेल तर धावचीत झाला दुसरा, दोष याचा.

‘रन डाउन’मध्ये बॅटरी उतरते, इमारत मोडकळीला येते, माणूस थकून जातो. कर्म माणूस असेल तर बहुतेक दोन शक्यता: त्याला गाडीने उडवलं, किंवा त्याला नावं ठेवली. कर्ता वाहन किंवा चालक आहे का, यावरून लगेच कळतं.

‘रन ओव्हर’ही असाच. कर्ता बैठक असेल तर ती ठरलेल्या वेळेच्या पुढे गेली. टिपणांवरून ‘रन ओव्हर’ केलं तर उजळणी. माणूस गाडीखाली आला असेल तर वाक्यात गाडी, रस्ता, हॉस्पिटल असं काहीतरी आसपास असतंच.

ऑफिसच्या मेलमधलं ‘रन धिस बाय द मॅनेजर’ नीट समजून घ्या. मॅनेजरच्या कानावर घाला, त्यांचं मत घ्या, इतकंच त्यात आहे. लेखी मंजुरी हवी असेल तर इंग्रजीत ‘अप्रूव्हल’ हा शब्द यायला हवा. या दोन्हींची गल्लत झाली की नंतर ‘मला विचारलंच नव्हतं’ सुरू होतं.

निवडणुकीतलं ‘रन फॉर’ अमेरिकन आहे. ब्रिटिश ‘स्टँड फॉर’ म्हणतात. आपण निवडणुकीला उभं राहतो, म्हणजे या बाबतीत आपलं जमतं ब्रिटिशांशी.

नाम असेल तर आधी ‘अ’, ‘द’ किंवा अनेकवचन बघा. ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे ठेवी काढायला उडालेली झुंबड. ९ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या मागण्या आल्या, दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली, ते प्रकरण याच जातीचं. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार. पुस्तकाचा ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती. शेतीच्या कागदांत ‘रनऑफ’ म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारं पाणी, अपधाव. निवडणुकीत तोच शब्द निर्णायक फेरीसाठी येतो. आणि ‘ही हॅज द रन्स’ हे फलंदाजाचं कौतुक असेलच असं नाही. क्रिकेटचा विषय नसेल तर त्याला जुलाब लागलेत.

लिहिताना हमखास होणारी चूक रूपांची आहे. रन, रॅन आणि तिसरं रूप पुन्हा रन. ‘द मिल्क हॅज रॅन आउट’ चूक, ‘हॅज रन आउट’ बरोबर. शिवाय ‘थ्री डेज रनिंग’ मध्ये कुणी धावत नाही, सलग तीन दिवस असं ते आहे.

आता आपल्या बोलीतला ‘रनिंग’. जुनी गाडी घेताना ‘रनिंग किती झालंय?’ विचारतो तेव्हा गाडी एकूण किती किलोमीटर फिरली हे हवं असतं. ब्रिटनमध्ये यासाठी ‘मायलेज’ विचारावं लागेल, कारण तिथे गाडीच्या जाहिरातीतलं मायलेज म्हणजे फिरलेलं अंतर. आपण मायलेज म्हणतो ते लिटरमागे किती जाते याला.

पैशांचा फटका बसतो तो ‘रनिंग फूट’मध्ये. रनिंग फूट फक्त लांबी मोजतो, रुंदी दरात धरलेली असते. स्क्वेअर फूट लांबी गुणिले रुंदी. स्वयंपाकघरातला ओटा १० फूट लांब आणि २ फूट रुंद असेल, आणि दर ९००, तर रनिंग फुटाने ९,००० होतात, स्क्वेअर फुटाने १८,०००. कोटेशनमध्ये ‘आरएफटी’ (रनिंग फूट) लिहिलंय की ‘एसएफटी’ (स्क्वेअर फूट), ते प्रत्येक ओळीत तपासा. रनिंग फुटाचा दर दिला असेल तर किती रुंदीपर्यंत तोच दर आणि कडेची पट्टी त्यात धरली आहे का, हे कोटेशनवरच लिहून घ्या.