लिंक्डइनवरून नोकरी शोधताना : आधी ओळख, मग अर्ज

नोकरीच्या शोधात असलेले बहुतेक तरुण लिंक्डइनवर खाते उघडतात, दिसेल त्या जाहिरातीवर ‘ईझी अप्लाय’चे बटण दाबतात आणि उत्तराची वाट पाहत राहतात. अर्ज करणे जितके सोपे, तितकी अर्जदारांची गर्दी मोठी, त्यामुळे त्या ढिगातून आपला अर्ज कोणी उघडून वाचेल याची शाश्वती नसते. म्हणून या माध्यमावर घालवायच्या वेळेतला मोठा भाग अर्जांवर खर्च न करता ओळखी वाढवण्यावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला आधार आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच असे मांडले होते की, नव्या नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून येण्याची शक्यता अधिक असते. कारण जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही आधीच कळलेले असते. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अगदी परक्या नव्हेत, पण फारशा दाटही नव्हेत, अशा मधल्या ओळखी नोकरी बदलताना सर्वांत उपयोगी पडतात, असे त्यात आढळले. मात्र ज्या उद्योगांत डिजिटल तंत्रज्ञानाचा वापर कमी आहे, तिथे जवळच्या ओळखीच अधिक कामी येतात, हेही त्याच अभ्यासात दिसले. तेव्हा फाउंड्रीत किंवा शॉप फ्लोअरवर काम शोधणाऱ्याने मामा-काकांना फोन करणे थांबवू नये.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली एक मुलगी शिरोली एमआयडीसीतल्या मशिन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे आणि तिला चाकणच्या एखाद्या वाहन कंपनीत किंवा तिच्या पुरवठादाराकडे जायचे आहे. तिने सर्वप्रथम आपल्या नावाखालची ओळ नीट करावी. ‘मेहनती व जबाबदार उमेदवार, नोकरीच्या शोधात’ असे लिहिल्याने काहीही साधत नाही, कारण भरती करणारी माणसे गुणविशेष टाइप करून शोधत नाहीत. ती पदाचे, यंत्राचे आणि प्रक्रियेचे नाव टाइप करतात. ‘क्वालिटी इन्स्पेक्टर, कास्टिंग व मशिन केलेले भाग, सीएमएम, पीपीएपी’ अशी ओळ त्या शोधात सापडते (सीएमएम म्हणजे भागांची अचूक मापे घेणारे यंत्र, तर पीपीएपी म्हणजे भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया). शोध बहुधा इंग्रजीतून होत असल्याने प्रोफाइल इंग्रजीत ठेवावे, पण जे आपण खरोखर हाताळले आहे तेच लिहावे, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. सध्याची नोकरी सुरू असेल तर ‘ओपन टू वर्क’ची, म्हणजे नोकरी शोधत असल्याची, खूण सर्वांना न दाखवता फक्त रिक्रूटरना दिसेल अशी ठेवावी, तरीही ती आपल्या कंपनीपासून पूर्णपणे लपेल याची हमी लिंक्डइन देत नाही, हे लक्षात असू द्यावे.

यापुढचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. लिंक्डइनवर प्रत्येक शिक्षणसंस्थेच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो आणि त्यात ते कुठे राहतात, कोणत्या कंपनीत आहेत आणि कोणते काम करतात, यानुसार यादी गाळता येते. तिथे पुणे आणि क्वालिटी असे निवडले की, आपल्याच वर्गखोल्यांतून शिकून गेलेली माणसे समोर येतात. त्यांपैकी दर आठवड्याला चार-पाच जणांनाच, प्रत्येकाचे प्रोफाइल वाचून, स्वतंत्र संदेश लिहावा. समोरची व्यक्ती मराठी असेल तर मराठीतच लिहायला संकोच करू नये. उदाहरणार्थ :

‘नमस्कार मॅडम. मी आपल्याच तंत्रनिकेतनाची मेकॅनिकलची विद्यार्थिनी. सध्या शिरोलीत इनकमिंग आणि फायनल इन्स्पेक्शन पाहते. आपण चाकणला सप्लायर क्वालिटीत आहात असे दिसले. इन्स्पेक्शनमधून त्या कामाकडे वळायचे असेल तर आधी काय शिकावे, हे विचारायचे होते. सवडीने दोन ओळी लिहिल्यात तरी मला उपयोग होईल.’

या संदेशात रेझ्युमे जोडलेला नाही आणि ‘माझ्यासाठी कुठे काही असेल तर बघा’ ही विनंतीही नाही. अनोळखी माणसाने थेट नोकरी मागितली की समोरचा अवघडतो आणि गप्प बसतो. पण स्वतःच्या कामाविषयी कोणी आस्थेने विचारले तर बरेच जण मनापासून उत्तर देतात. उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करावी आणि तो विषय तिथेच सोडावा. उत्तर आल्यास त्यातला सल्ला अमलात आणून तसे कळवावे. ‘पीपीएपीची कागदपत्रे तयार करायला शिका’ असे त्यांनी सांगितले असेल आणि महिन्याभराने ‘एका भागाची पूर्ण फाइल मी तयार केली’ असे आपण लिहिले, तर ती ओळख पक्की होते.

त्या परिचिताच्या कंपनीत जागा निघाल्यावर मात्र रेफरल, म्हणजे आपले नाव सुचवणारी शिफारस, मागायला लाजू नये. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला उमेदवार रुजू झाल्यास त्या कर्मचाऱ्याला बक्षीस मिळते, त्यामुळे यात उपकाराचे ओझे नसते. पण त्यांचे नाव पणाला लागत असल्याने जाहिरातीचा क्रमांक, रेझ्युमे आणि आपण त्या जागेला का योग्य आहोत याच्या तीन ओळी, असे सारे एकाच वेळी पाठवावे.

स्वतःच्या कामाविषयी अधूनमधून लिहिल्यानेही ओळख वाढते, परंतु ग्राहकाचे ड्रॉइंग, भागाचा क्रमांक किंवा शॉपमधले फोटो कधीही टाकू नयेत. त्याने गोपनीयतेचा भंग होतो आणि असलेली नोकरीही जाऊ शकते.

शेवटचा मुद्दा फसवणुकीचा, आणि तो हलक्यात घेऊ नये. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉप किंवा अनामत रक्कम या नावाखाली नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याशी संपर्क तत्काळ तोडावा. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर मुलाखतीशिवाय नेमणूकपत्र आले, तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती जाहिरात पडताळावी. रेझ्युमेत आधार किंवा पॅन क्रमांक लिहू नये. परदेशातल्या नोकरीचा प्रस्ताव असेल तर तो एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहावे. आग्नेय आशियात नोकरीच्या आमिषाने नेऊन भारतीय तरुणांना सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याची प्रकरणे उघड झाली आहेत. पैसे गेलेच तर लाजून गप्प न राहता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण सुरुवातीच्या काही तासांत ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.